सायकलच्या हबमध्ये काय किती आवळायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाक डगडगतंय म्हणून पाना घेतला आणि दिसेल तो नट ताकद लावून आवळला, की डगडग जाते हे खरं. पण बऱ्याचदा चाकाचं फिरणंही जातं, आणि दोनेक महिन्यांत हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या फिरत्या भागातून, दळण दळल्यासारखा आवाज यायला लागतो. हबमधल्या सगळ्या नटांना एकच माप लावून चालत नाही. सायकल स्वतः उघडणाऱ्यांना हमखास पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे न्यूटन मीटरमध्ये, म्हणजे पिळाच्या जोराच्या मापात, आहेत. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर काय करायचं, तेही पुढे आहेच.

हबमध्ये आवळण्यासारखं असतं तरी काय?

साध्या, छर्ऱ्यांच्या हबमध्ये बाहेरून आत जाताना आधी चाकाचा नट किंवा क्विक रिलीजची (पान्याशिवाय, हातानं पलटून चाक सोडवायची) दांडी येते. मग फ्रेमची किंवा फोर्कची खाच, तिच्या आत चेकनट (कुणी त्याला लॉकनट म्हणतं), एकदोन वायसर, मग कोन (एका टोकाला निमुळता असलेला नट) आणि कोनच्या पोटाशी कपात बसलेले छर्रे. दोन्ही बाजूंना हीच मांडणी, मधून आरपार एक्सल. मागच्या चाकाला उजवीकडे फ्रीव्हील किंवा कॅसेट, म्हणजे साखळीची दातेरी चक्रं, असतात. डिस्क ब्रेक असेल तर डावीकडे रोटर, म्हणजे ब्रेकची चकती.

कोन छर्ऱ्यांना जागेवर ठेवतो. चेकनट कोनला फिरू देत नाही. बाहेरचा नट चाक फ्रेमला धरून ठेवतो. म्हणजे कोन ‘किती घट्ट’ हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. तो कुठे उभा आहे एवढंच बघायचं. ताकदीचा प्रश्न चेकनटपासून सुरू होतो. चाकात प्ले (ढिलेपणा) आला की लोक बाहेरचा नट आवळत बसतात, आणि प्ले असतो आतल्या कोनमध्ये.

मग कोन नेमका कुठे थांबवायचा?

कोन बोटांनी फिरवत न्या. छर्ऱ्यांना टेकला की थांबा, आणि तिथून अगदी किंचित मागे घ्या. पान्यानं कोन छर्ऱ्यांवर दाबायचा नाही.

हे ‘किंचित’ म्हणजे किती, तर क्विक रिलीजच्या मागच्या हबचा एक्सल साधारणपणे १० मिमी जाडीचा असतो आणि त्याच्या आट्यांचं अंतर १ मिमी. म्हणजे कोन एक पूर्ण फेरा फिरला की १ मिमी सरकतो. पाव फेऱ्यात पाव मिलिमीटर, आणि हबच्या हिशेबात ते फार झालं. शेवटची जुळवणी करताना पाना जेमतेम वीस अंश हलतो, म्हणजे कोन सरकतो ०.०५ मिमीच्या आसपास, डोक्याच्या केसाच्या जाडीइतका. म्हणूनच पहिल्या खेपेला जमत नाही. जुनेजाणते मिस्त्रीसुद्धा दोनतीनदा सोडतात, बसवतात, पुन्हा सोडतात. त्यात कमीपणा काही नाही.

चाक हातात घेऊन एक्सलची दोन टोकं चिमटीत धरा आणि सावकाश फिरवा. एक्सल गुळगुळीत फिरायला हवा. खरखर लागली तर कोन जास्त आत आहे, किंवा ग्रीस संपून आत माती गेली आहे. ठरावीक जागी टक् टक् अडकल्यासारखं वाटलं तर कोनला खड्डे पडले आहेत, आणि त्यावर कितीही जुळवाजुळव केली तरी उपयोग नाही. मग एक्सल वरखाली हलवून पाहा. साध्या नटाच्या एक्सलमध्ये प्ले जाणवता कामा नये. क्विक रिलीजचं गणित थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

चेकनट किती आवळायचा?

घट्ट, आणि इथे संकोच नको. शिमानो कंपनीच्या बहुतेक साध्या हबसाठी १५ ते २० न्यूटन मीटर धरून चाला. कोन एका पान्यानं धरायचा, चेकनट दुसऱ्या पान्यानं त्याच्यावर आवळायचा. कोनसाठी पातळ पाना लागतो, बहुधा पुढे १३ आणि मागे १५ मिमीचा, पण १४, १६, १७ चे कोनही निघतात. साधा जाड पाना त्या फटीत बसतच नाही. बसवायचा हट्ट केला तर कोनच्या कडा गोल होतात आणि मग पक्कड घेऊन झटापट करण्याची वेळ येते. कोनपान्यांची जोडी घेऊन ठेवा, बरीच वर्षं पुरते.

पाने असे लावा की त्यांच्या दांड्या एकमेकींना थोड्या तिरक्या राहतील आणि दोन्ही दांड्या एका मुठीत येतील. मूठ आवळली की चेकनट बसतो. दोन हात दोन दिशांना ओढण्यापेक्षा यात ताबा चांगला राहतो आणि पाना निसटून बोटं स्पोकवर आपटत नाहीत.

कोन बरोबर लावला होता, पण चेकनट आवळल्यावर चाक जड झालं. असं का होतं?

सगळ्यांच्या बाबतीत होतं. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये थोडी मोकळी जागा असतेच. चेकनट आवळला की तो कोनला छर्ऱ्यांच्या दिशेनं ढकलतो आणि तेवढी मोकळीक भरून निघते. शिवाय हातातला कोनपाना नकळत थोडा फिरलेला असतो.

यावर इलाज दोन. पहिला म्हणजे हिशेब आधीच धरायचा, कोन गरजेपेक्षा जरासा ढिला ठेवूनच चेकनट आवळायचा. दुसरा मला जास्त आवडतो. चेकनट आधी बऱ्यापैकी आवळा, आणि चाक जड वाटलं तर चेकनटला धक्का न लावता कोनच उलटा फिरवून त्याच्यावर दाबा. जुळवणी आणि आवळणं एकाच वेळी होतं. मात्र एकदा चेकनट पक्का झाला की कोन फारसा सरकत नाही, तेव्हा हे अखेरच्या दुरुस्तीपुरतंच ठेवा.

कोणत्या बाजूनं जुळवायचं? डाव्या बाजूचे आटे उलटे असतात का?

उलटे आटे डाव्या पेडलला असतात. हबच्या एक्सलवर दोन्हीकडे सरळच. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की आवळतं.

मागच्या चाकाला जुळवणी नेहमी डावीकडून करा. उजवीकडचा कोन कॅसेटच्या आड गेलेला असतो, तिथे पाना नीट पोचत नाही. म्हणून हब उघडलेलं असतानाच उजवीकडचा कोन आणि चेकनट एकमेकांवर पक्के आवळून टाकायचे आणि मग त्यांच्याकडे बघायचंही नाही.

पुढच्या चाकालाही उजवी बाजू आधी पक्की करावी. सायकल पुढे जाताना उजवीकडून पाहिलं तर चाक घड्याळाच्या दिशेनं फिरतं. त्या बाजूचा कोन मोकळा असेल तर चाक त्याला आपल्याबरोबर ओढतं आणि कोन हळूहळू आत शिरतो. जितका आत जातो तितका जास्त ओढला जातो, आणि शेवटी चाक जाम होतं. डावीकडे उलट होतं, कोन बाहेर येतो आणि चाक डगडगायला लागतं. त्रास दोन्हीकडे आहे, पण डगडगणारं चाक निदान आधी कल्पना देतं.

काही जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या हबला चेकनट नसतोच. कोन आणि बाहेरचा नट यांच्यामध्ये फोर्कचं पातं येतं आणि बाहेरचा नटच कोनला धरून ठेवतो. तिथे जुळवणी चाक फोर्कमध्ये असतानाच करावी लागते, आणि बाहेरचा नट ढिला राहिला तर एका फटक्यात दोन्ही कामं बिघडतात.

क्विक रिलीजच्या हबला वेगळं काय करायचं?

क्विक रिलीजचा एक्सल पोकळ असतो. दांडी बंद केली की एक्सल दोन्हीकडून दाबला जातो आणि अगदी थोडा आखडतो, त्यामुळे कोन जवळ येतात. चाक हातात असताना जी जुळवणी अचूक वाटली, ती फ्रेममध्ये बसवल्यावर घट्ट निघते.

म्हणून चाक बाहेर असताना एक्सलमध्ये बारीकसा प्ले मुद्दाम ठेवायचा. चाक बसवून दांडी बंद केली की तो नाहीसा झाला पाहिजे. खात्री अशी करायची: ब्रेकच्या जवळ रिम धरून डावीउजवीकडे हलवा. कट् कट् लागत असेल तर चाक काढून कोन जरासा आत घ्या. काहीच लागत नसेल तर उलटीही परीक्षा करा. दांडी सोडून किंचित ढिली लावली की बारीक प्ले परत जाणवला पाहिजे. तेव्हाही जाणवला नाही, तर कोन गरजेपेक्षा जास्त आत आहे. हे थोडं कटकटीचं आहे, पण हबचं आयुष्य इथेच ठरतं.

क्विक रिलीजची दांडी किती घट्ट हवी?

ती दांडी फिरवून आवळायचा नट नाही. बाजारात सायकल घेऊन आलेल्या दहा माणसांत एखादा तरी ती पंख्याच्या नटासारखी गोल फिरवून ‘घट्ट’ करून आलेला असतो, आणि दांडी तशीच उघडी लोंबत असते. आत एक खटका असतो, दांडी पलटली तरच तो पकड घेतो.

समोरच्या टोकाचा नट अशा बेतानं फिरवा की दांडी अर्ध्या वाटेवर, म्हणजे एक्सलच्या रेषेत सरळ बाहेर उभी असताना, विरोध जाणवायला लागेल. तिथून पुढे तळहातानं दाबून बंद करा. हातावर थोडा वेळ वळ राहील इतकी ताकद लागायला हवी. आकड्यात ५ ते ७.५ न्यूटन मीटर. एका बोटानं बंद झाली तर ढिली आहे. अंगाचा भार टाकूनही बंद होत नसेल तर नट अर्धा फेरा मागे घ्या.

दांडी बंद करताना सायकल चाकांवर जमिनीवर उभी असावी, म्हणजे एक्सल खाचेत वरपर्यंत नीट बसतो. उलटी करून लावलं तर चाक तिरकं बसायची शक्यता जास्त.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर दांडी रोटरच्या विरुद्ध बाजूला ठेवा. दांडी अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त उघडत असेल तर ती रोटरमध्ये अडकून चाक जागच्या जागी थांबू शकतं. ट्रेक कंपनीनं २०१५ साली याच कारणानं अमेरिकेत सुमारे नऊ लाख सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

नटवाल्या चाकाचे बाहेरचे नट किती आवळायचे?

मागचे ३० ते ४० न्यूटन मीटर, पुढचे त्याहून कमी, २० ते २५ च्या घरात. मागच्या चाकावर साखळीची ओढ असते. नट ढिले राहिले की चढावर जोर लावताच चाक उजवीकडून पुढे ओढलं जातं आणि टायर डावीकडे फ्रेमला घासायला लागतो. घाटात सायकल अचानक जड झाली की आधी हे बघा, मग स्वतःच्या पायांना दोष द्या.

आवळताना एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी असं करू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे, मध्येच चाक फ्रेमच्या मधोमध आहे का बघत. नटाखालचा खाचा पाडलेला वायसर फेकू नका, तोच खाचेत पकड घेतो. पुढच्या चाकाला कधी कधी एका बाजूला हुक असलेला वायसर येतो. नट ढिला झाला तरी तो चाक निसटू देत नाही. लहान मुलांच्या सायकलींवर तो हमखास काढून टाकलेला दिसतो, कारण चाक पटकन निघत नाही म्हणून कुणीतरी कंटाळलेलं असतं. परत लावा.

थ्रू एक्सल?

इथे काम सोपं. जाड एक्सल फोर्कमधून आरपार जाऊन समोरच्या आट्यांत बसतो. बहुतेकांवर आकडा कोरलेलाच असतो, साधारण १० ते १५ न्यूटन मीटरच्या दरम्यान. आट्यांना हलकासा ग्रीसचा हात लावा.

कॅसेट, फ्रीव्हील आणि रोटरचं काय?

कॅसेटला धरून ठेवणारी लॉकरिंग ४० न्यूटन मीटर. शेवटी करर्‍ करर्‍ असा आवाज येतो. त्या आवाजाला घाबरून थांबू नका. रिंगच्या मागचे दात पकड घेतायत म्हणून तो येतो.

आटे असलेलं जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील आवळावंच लागत नाही. हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा, हातानं बसवा, आणि पहिला चढ चढा. पेडलचा जोर त्याला आपोआप घट्ट करतो, इतका की पुढच्या वेळी काढताना लांब दांडा शोधावा लागतो. ग्रीस न लावता बसवलेलं फ्रीव्हील काढण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

रोटरचे सहा बोल्ट असतील तर शिमानो २ ते ४ न्यूटन मीटर सांगतं, स्रॅम ही दुसरी कंपनी ६.२. बोल्ट छोटे आहेत, आवेशात मुंडी तुटते. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळा. मधोमध एकच रिंग असेल तर ४० न्यूटन मीटर.

फ्रीहबच्या (कॅसेट ज्यावर बसते त्या भागाच्या) आतला पोकळ बोल्ट, जो १० च्या ॲलन कीनं निघतो, तो शिमानोच्या हिशेबात ३५ ते ५० न्यूटन मीटर. कॅसेट जोरात डुलत असेल आणि लॉकरिंग पक्की असेल, तर संशय याच्यावर घ्या.

टॉर्क पाना नाही. अंदाज कसा घ्यायचा?

प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा घरात असतो. तो पुरतो. काट्याचा हुक पान्याच्या दांडीला अडकवा आणि दांडीशी काटकोनात ओढा. नटाच्या मधापासून हुकापर्यंतचं अंतर १५ सेंटीमीटर आणि काट्यावर १० किलो, म्हणजे जवळजवळ १५ न्यूटन मीटर. तेवढ्याच अंतरावर २० किलो म्हणजे ३०. चाळीस हवे असतील तर पंचवीस सेंटीमीटरवर १६ किलो.

काटा नसेल तर पाना आडवा धरा आणि पंधरा सेंटीमीटरवर दहा लिटर पाण्याची बादली टांगा. हे दर वेळी करायची गरज नाही. एकदोनदा केलं की ‘पंधरा’ म्हणजे मनगटाला किती लागतं ते हाताला कळतं, आणि पुढे हात सांगतो. कोनपान्याला टॉर्क पाना नीट जोडताही येत नाही, त्यामुळे चेकनटच्या बाबतीत दुकानदारही हातावरच विसंबतात.

एक सावधगिरी बाळगा. हे आकडे साफ आट्यांसाठी आहेत. गंजलेल्या आट्यांवर ताकद घासण्यातच खर्च होते, पाना जड लागतो आणि पकड कमी असते. आधी तारेच्या ब्रशनं आटे साफ करा.

सील्ड बेअरिंगच्या हबला हे सगळं लागू आहे का?

बाहेरचे नट, दांडी, कॅसेट, रोटर यांना लागू आहे. तिथे सुट्या छर्ऱ्यांऐवजी आख्खं बंद बेअरिंग असतं, त्यामुळे कोनची भानगड नसते. काही हबमध्ये बेअरिंगवर हलका दाब देणारी एक कडी असते. ती प्ले जाईपर्यंत बोटांनी फिरवायची आणि मग तिचा छोटा स्क्रू लावायचा. बेअरिंग खराब झालं की ते बदलायचं, आवळून बरं होत नाही.

हब उघडलंच आहे तर छर्रे, ग्रीस कसं बघायचं?

बहुतेक हबमध्ये पुढे दोन्हीकडे प्रत्येकी १० छर्रे, ३/१६ इंची. मागे प्रत्येकी ९, पाव इंची. कपात अजून एक बसेल असं वाटतं, पण ती फट राहू द्या. एक जास्त कोंबला की छर्रे एकमेकांवर चढतात. जुने आणि नवे छर्रे मिसळू नका, आकारात नजरेला न दिसणारा फरक असतो आणि सगळा भार मोठ्यांवर येतो. उघडण्याआधी मोजून घ्या, कारण एक तरी फरशीवरून पळतोच.

कोनची छर्रे जिथे धावतात ती पट्टी उजेडात धरून पाहा. चकचकीत रेघ असेल तर ठीक. बोटाच्या नखाला खड्डा लागला तर कोन बदला, स्वस्त वस्तू आहे. कपात खड्डे असतील तर बहुतेक वेळा हबच बदलावं लागतं. म्हणूनच घट्ट कोन ढिल्या कोनपेक्षा महाग पडतो.

पावसाळ्यात गाड्या धुवायच्या सेंटरवर सायकल नेत असाल तर जोराच्या पाण्याची धार हबवर मारू देऊ नका, पाणी आतलं ग्रीस घेऊन बाहेर येतं. रॉकेल किंवा डिझेल ओतून हब ‘मोकळं’ करण्याचा उपायही तसाच. चार दिवस चाक भन्नाट पळतं, कारण आत ग्रीस उरलेलंच नसतं. कोकणातल्या पावसात रोज सायकल चालवणाऱ्यानं दिवाळीच्या सुमारास दोन्ही हब एकदा उघडावेत.

सगळं बरोबर आवळलं, तरी चाक हलतं.

रिम डावीउजवीकडे हलवताना फोर्कसुद्धा हलतोय का बघा. तसं असेल तर दोष हँडलच्या बेअरिंगमध्ये आहे. चाक फिरवल्यावर एकाच जागी ब्रेकला घासत असेल तर रिम वाकडी आहे, स्पोक बघा. एक्सल काढून सपाट काचेवर लोळवा. मध्ये उजेड दिसला तर तो वाकला आहे, आणि वाकलेल्या एक्सलवर कोन कधीच जुळत नाही. फेऱ्याच्या एका जागी ढिला, दुसऱ्या जागी घट्ट लागतो. एक्सल नवा घ्या. तोच ठोकून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका.